सांध्यावरचं चुंबक

नाशिकरोड,
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम.

अक्षर ओळखलं असशीलच. साडेतीन वर्षांनी लिहितेय. आप्पा गेल्याची तार मीच केली होती. त्यानंतर तुझी चार पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. आई तुला पत्रं पाठवते ती समोरच्या गोरक्षकडून लिहून घेते, कारण मी लिहायला बसले की काहीतरी निमित्त काढून उठते. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. आप्पांच्या वेळी तू आला नाहीस म्हणून मी रागावले, असं तू धरून चालला आहेस. सध्या तसंच समज.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. मागच्या शनिवारी दुसरा तास घेऊन स्टाफरूममध्ये आले, तर एक मुलगी माझी वाट बघत बसली होती. चंद्रभागा बोरसे. नांदगावजवळच्या खेड्यातली, घरी शेती, थोरला भाऊ मालेगावला मास्तर. तुझ्याच जुन्या पदार्थविज्ञान विभागात, तुझ्याच सरांकडे पीएच.डी. करते. गावी जाता जाता मुद्दाम नाशिकरोडला उतरली होती. पिशवीतून तिनं तुझा शोधनिबंध काढला. इतका हाताळलेला की घड्यांवर फाटलाय. शेवटच्या पानावरची आभाराची ओळ पेन्सिलीनं अधोरेखित केलेली : नमुने तयार करण्यात कु. विमल पगारे यांची मदत झाली.

"या तुम्हीच ना, मॅडम?"

मी हो म्हणाले.

"मंग मला एवढंच सांगा, माझ्या हाताला काय झालंय?"

तिनं सत्तेचाळीस नमुने केलेत, दादा. तीच दोन संयुगं, तीच भट्टी, तोच चुंबकी तराजू. एका स्फटिकावर दुसऱ्याचा थर चढवायचा आणि दोघांच्या सांध्यावर काय घडतं ते मोजायचं, अगदी तू लिहिलंस तसं. सांध्यावरची वीज तुझ्या आकड्यांशी जुळते. चुंबकाचा मात्र मागमूस नाही. तराजूवरचा प्रकाशाचा ठिपका जागचा हलत नाही. सर सगळ्यांदेखत तिला म्हणतात, "पगारेला पहिल्या खेपेला दिसलं. तुझ्या हाताला स्वच्छता नाही." जूनअखेर तिची शिष्यवृत्ती संपते. घरच्यांनी मुदतही तेवढीच दिलीये. पुढं लग्न.

"नमुना ठेवायच्या आधी देवीला नारळ पण फोडून झाला, मॅडम," ती म्हणाली आणि हसली. मग एकदम रडायला लागली. मी तिच्यासाठी चहा मागवला.

मी सांगितलं, जुनी गोष्ट आहे, नीट आठवत नाही, दादाला विचारते. म्हणून विचारतेय. नमुने कसे हाताळले याबद्दल तुझ्या वहीत काय टिपलंय ते कळव. विशेषतः सत्त्याहत्तरच्या मे महिन्यातला तो आठवडा, तू काविळीनं खोलीवर पडून होतास तेव्हाचा.

आई बरी आहे. गुडघे दुखतात.

तुझी,
विमल


नाशिकरोड,
१० मार्च १९८४

दादा,

तुझं पत्र परवा पोचलं. अर्धं पान. "त्या विषयात आता कुणाला रस उरला नाही, मुलीला विषय बदलायला सांग. वह्या कुठे आहेत आठवत नाही." आणि खाली वेगळ्या शाईत, म्हणजे पत्र लिहून झाल्यावर तू पुन्हा कधीतरी ते उघडलंस, "जुलैमध्ये माझ्या इथल्या कायम जागेचा निर्णय आहे. माझ्या कामाच्या यादीत तो निबंध पहिला असतो, हे तुला माहीत असावं."

तू वही हरवणारा माणूस नाहीस. इथल्या ट्रंकेत तुझी चौथीची गणिताची वही अजून आहे. म्हणजे तुला बोलायचं नाही. ठीक आहे, मी बोलते.

तुला आठवत असेल, नमुने धरायला तू बांबूचा चिमटा करून घेतला होतास. लोखंडाचं काहीही नमुन्याजवळ न्यायचं नाही, हा तुझा नियम. प्रयोगशाळेच्या दारावर पाटी लावली होतीस आणि सरांनासुद्धा घड्याळ बाहेर काढून ठेवायला लावायचास. त्या मंगळवारी त्या चिमट्याचं टोक मोडलं. तू खोलीवर पिवळा पडून झोपलेला, सर बाहेरगावी. ते परत येईपर्यंत सहा नमुने मोजून झाले नसते तर तुझी जागा दुसऱ्या मुलाला जाणार होती. हे त्यांनी तुला माझ्यादेखत सांगितलं होतं, आठवतं? मी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. मी शेजारच्या प्राणिशास्त्र विभागातून बेडूक फाडायचा चिमटा मागून आणला. स्टीलचा. चकचकीत होता, म्हणून स्वच्छ वाटला. त्यानं सहाही नमुने कडेला धरून तराजूत ठेवले.

आणि ठिपका हलला.

चिमट्याचं लोखंड नमुन्यांच्या कडांना लागलं असेल, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. पुढं दुसऱ्या वर्षात वाचताना शंका आली, तोवर तुझा निबंध छापायला गेला होता. मग तू जर्मनीला गेलास. मग आप्पा. मग बोलायची वेळ निघून गेली असं वाटायला लागलं.

चंद्रभागाचं दर आठवड्याला पोस्टकार्ड येतं. कालच्यात एकच ओळ होती : "एकोणपन्नासावापण आंधळा."

तिला काय सांगू, दादा? तिचा हात घाण नव्हता, माझा होता, एवढं एक वाक्य आहे. ते मी बोलले की तुझं काय होईल हे मला कळतं. आणि फक्त तुझं नाही. दुसऱ्या कुणाकडून चूक झाली की ती चूक असते. आपल्याकडून झाली की लोक आडनाव वाचतात. माझ्या पहिल्या तासाला मागच्या बाकावरून "सवलतवाल्या" असं हळूच कुणीतरी म्हणालं होतं. मी फळ्याकडे तोंड करून पुढचं समीकरण लिहीत राहिले. तूही असं किती गिळलं असशील, मला माहीत नाही. आता त्याच लोकांच्या हातात आपणच हे द्यायचं?

उत्तर दे. अर्ध्या पानाचं नको.

विमल


नाशिकरोड,
१७ एप्रिल १९८४

दादा,

तुझं उत्तर नाही. मी मात्र थांबू शकत नाही, कारण शनिवारी जे झालं ते कुणालातरी सांगायलाच हवं आणि तुझ्याशिवाय सांगण्यासारखं कुणी नाही.

जयंतीला विहारातली वाचन-खोली उघडली. गोरक्ष यंदा समितीचा चिटणीस आहे. एकलहऱ्याला वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर पाळी करून उरलेला सगळा वेळ त्यानं त्या खोलीला दिला. भिंती रंगवल्या, बाकं आणली, आणि समोरच्या भिंतीवर तुझा तो बर्फातला कोटवाला फोटो चौकटीत लावला. खाली ठळक अक्षरांत, "डॉ. सहादू कारभारी पगारे, शास्त्रज्ञ." महिन्यापूर्वीच त्यानं मला सांगून ठेवलं होतं, "ताई, दादांचा शोध तुम्ही सांगायचा. पंधरा मिनिटं. आपल्या लोकांना समजंल असा."

मी नाही म्हणू शकले असते. आजारी पडू शकले असते.

मी उभी राहिले आणि सांगितलं. काही पदार्थ तांब्यासारखी वीज धावू देत नाहीत आणि काचेसारखी अडवतही नाहीत, मधलेच असतात, तुमच्या ट्रान्झिस्टरमध्ये असतात तसे. माझ्या भावानं अशा दोन पदार्थांचे स्फटिक घेतले. दोन्हीही चुंबकाला चिकटत नाहीत. पण एकाचा पातळ थर दुसऱ्यावर चढवला, की दोघं जिथं टेकतात तिथं इलेक्ट्रॉन गोळा होतात, आणि त्या केसाहून बारीक सांध्यावर चुंबक दिसतं. दोघांपैकी कुणाकडेच नसलेली गोष्ट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोरक्षनं माइक घेऊन वर जोडलं, "दोन वेगळी माणसं एकत्र आली की नवी ताकद होते, हेच बाबासाहेबांनी सांगितलं!" पुन्हा टाळ्या. आई पहिल्या रांगेत बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला होता.

खोटं आहे हे माहीत असताना मी ते पंधरा मिनिटं बोलले, दादा. एकदाही अडखळले नाही. तेच मला सहन होत नाहीये.

आणि आता आणखी एक. मागच्या पत्रात मी लिहिलं की दुसऱ्या वर्षात शंका आली. ते खरं नाही.

बांबूचा नवा चिमटा त्याच शनिवारी तयार होऊन आला. मला उगाच वाटलं, एक सातवा नमुना करून ठेवावा, तू बरा होऊन आलास की दाखवता येईल. तो नव्या चिमट्यानं ठेवला. ठिपका हलला नाही. मी तीनदा काढून पुन्हा ठेवला. हलला नाही. मला त्याच मिनिटाला कळलं. एवढं कळायला दुसरं वर्ष लागत नाही.

सोमवारी तू आलास, डोळे अजून पिवळे होते. सहा नमुन्यांचे आकडे बघून तू खुर्चीत बसलास आणि म्हणालास, "विमे, आप्पांना पत्र टाक." सातव्या नमुन्याचं पान तोवर मी वहीतून फाडलं होतं. पुढं तू सांधा आम्लानं खरवडून काढलास, चुंबक गेलं, आणि तू म्हणालास की बघ, ते सांध्यावरच होतं. आम्लानं कडेला लागलेलं लोखंडही धुऊन नेलं होतं, हे मला दिसत होतं. मी शेजारी उभी राहून आकडे लिहून घेत होते.

म्हणून मी तुला पत्रं लिहिली नाहीत. आप्पांच्या वेळी तू आला नाहीस म्हणून नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मी विभागात जाणार आहे. चंद्रभागाला सांगणार आहे. तुला आधी कळवतेय, एवढंच.

विमल


नाशिकरोड,
२९ मे १९८४

दादा,

तुझं नऊ पानांचं पत्र मी निघण्याच्या आदल्या दिवशी मिळालं. गाडीत वाचलं. उतरेपर्यंत दोनदा.

तर तुला एकोणऐंशीच्या फेब्रुवारीपासून ठाऊक होतं. तिथल्या चांगल्या यंत्रावर तू त्याच सहामधला एक नमुना ठेवलास, आधी नुसता, मग सौम्य आम्लात बुडवून. सांधा शाबूत, चुंबक नाहीसं. आणि तुला वाटलं, विमलला यातलं काही ठाऊक नाही, तिला सांगितलं तर ती आयुष्यभर स्वतःला दोष देत राहील. आणि मी इथं विचार करत होते की दादाला ठाऊक नाही. पाच वर्षं दोघंही एकमेकांना सांभाळतोय असं म्हणत स्वतःला सांभाळत बसलो. तुला हे वाक्य लागेल. लागू दे.

आप्पांच्या वेळी तू तिथल्या विमानतळापर्यंत जाऊन परत फिरलास, हे वाचल्यावर मी पत्र मिटून खिडकीबाहेर बघत राहिले. "आप्पांच्या प्रेतापाशी लोक मला शास्त्रज्ञ म्हणून हात जोडतील, ते मला झालं नसतं," असं लिहिलंयस. आईला मी हे अजून वाचून दाखवलेलं नाही.

आता विभागातलं ऐक.

पहिल्याच दिवशी दुपारी, व्हरांड्यात, चंद्रभागा काचेची भांडी धूत होती तिथं मी तिला सगळं सांगितलं. फाडलेल्या पानासकट. ती भांडं पुसत राहिली. मग म्हणाली,

"म्हणजे माझे बावन्न नमुने बरोबर होते?"

"हो."

"सगळे?"

"सगळे."

"आणि हे तुम्हाला ठाऊक होतं. फेब्रुवारीत मी तुमच्यासमोर बसून रडले, तवा बी."

"हो."

"तुम्ही मला चहा पाजला," ती म्हणाली. भांडं खाली ठेवलं आणि निघून गेली.

दोन दिवस आली नाही. वसतिगृहात गेले तर खोलीचं दार उघडलं नाही. त्या दोन दिवसांत विभागाच्या पायऱ्यांवर मी जेवढे तास बसले तेवढे कधी कुठं बसले नसेन. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ती प्रयोगशाळेच्या दारात किल्ली घेऊन उभी. केस घट्ट बांधलेले. "चला, मोजू," म्हणाली. "पण चिमटा मी लावणार. तुम्ही फक्त आकडे लिवा."

तिनं नवा नमुना केला. प्लॅस्टिकच्या चिमट्यानं ठेवला. ठिपका स्थिर. काढला, प्राणिशास्त्रातल्या स्टीलच्या चिमट्यानं कडेला तीन वेळा चिमटला, पुन्हा ठेवला. दादा, ठिपका सरकला. चुंबकाची दिशा उलटी केली तर उशिरा मागं आला, आणि त्याच वाटेनं आला नाही. तुझ्या निबंधातली तिसरी आकृती, जशीच्या तशी. मग सौम्य आम्लाचा थेंब फक्त कडांना. सांध्यावरची वीज पुन्हा मोजली, पहिल्याइतकीच. चुंबक गेलेलं. असे सहा नमुने, पाच दिवस. सहाही वेळा तेच.

शेवटच्या आकड्यानंतर ती स्टुलावर बसली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "तीन वर्षं हे लोक मला घाण म्हणत व्हते."

मी वही तिच्या हातात दिली. सांत्वन करायचा हक्क मला कुठं होता?

सरांकडे दोघी गेलो. त्यांनी आकडे शेवटपर्यंत वाचले, त्यांना समजलं नाही असं म्हणता येणार नाही. मग चष्मा काढून मला म्हणाले, "सात वर्षांनी? अहो, बांधलेलं घर कुणी आपल्या हातानं पाडतं का?" मी म्हणाले, पायाच नाही सर. ते म्हणाले, "माझी सही मिळणार नाही. आणि चंद्रभागा, तुला पदवी हवी आहे ना?"

"हवी हाये सर," ती म्हणाली. "म्हणून तर मोजलं."

तिनं मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज दुसऱ्याच दिवशी दिला. मिळेल की नाही ठाऊक नाही. जून संपायला एक महिना आहे.

आता निर्णय तुझा. जुलैपर्यंत मी थांबावं असं तू शेवटच्या पानावर सुचवलंयस. सुचवलंयस म्हणजे सरळ लिहिलेलं नाही, पण मी तुझी बहीण आहे. कायम जागा मिळाली की मग दुरुस्ती छापू. मी दोन दिवस त्याचा विचार केला, खरंच केला. पण जुलैत चंद्रभागा गावी परत गेलेली असेल. थांबता येणार नाही.

विमल


नाशिकरोड,
५ जुलै १९८४

दादा,

तुझी तार आणि मागोमाग दुरुस्तीचा मसुदा, दोन्ही मिळालं. निर्णयाच्या आधीच तू तिथल्या प्रोफेसरांना जाऊन सांगितलंस, हे मी दोन-तीनदा वाचलं, खात्री करून घ्यायला. ते काय म्हणाले ते तू लिहिलं नाहीस. फक्त "ऐकून घेतलं" एवढंच. मला काळजी वाटते आहे. पण बरं वाटलं हेही सांगते.

आता मसुद्याबद्दल. मी त्यावर सही करणार नाही.

"नमुने हाताळताना लेखकाने स्टीलचा चिमटा वापरला." कोण लेखक? तू काविळीनं अंथरुणात होतास. तू मला वाचवायला निघालायस ते कळतं, पण एक खोटं दुरुस्त करायला दुसरं खोटं कशाला? मूळ निबंधात माझं नाव आभारात होतं. आता चुकीतूनही मला वगळतोस? चिमटा मी आणला, पान मी फाडलं. तसं लिही. माझं नाव, माझं कॉलेज, नाशिक. माझी नोकरी जाईल अशी भीती तुला वाटते. मी प्राचार्यांना कालच सांगून आले. ते पेपरवेट फिरवत म्हणाले, "पगारेबाई, हे सांगायला तुम्ही माझ्याकडे कशाला आलात?" मी म्हणाले, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. ते म्हणाले, तास चालू ठेवा. पुढचं पुढं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चंद्रभागाचं नाव तू शेवटी, आभारात घातलंयस. दादा, तू असं कसं करू शकतोस? आपल्या दोघांना बाहेरून धक्का मिळाला नसता तर आपण मरेपर्यंत गप्प बसलो असतो. खरं मोजलं ते तिनं. तिची तीन वर्षं वाया गेली असं आपण म्हणतोय. वाया कुठं गेली? त्या विभागात त्या तीन वर्षांत बरोबर उत्तर देणारं ते एकच माणूस होतं आणि प्रत्येक जण तिला सांगत होता की तू चुकलीस. तिचं नाव पहिलं हवं. बोरसे, मग तू, मग मी. सांध्यावरच्या विजेचे तिचे आकडे पूर्ण छापले पाहिजेत, कारण तुझ्या निबंधातला तेवढा अर्धा भाग खरा आहे आणि तो आता तिच्यामुळं उभा आहे.

हे तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "उपकार नको." मी म्हणाले, उपकार नाही, तुझंच आहे. तिनं विचार करायला दोन दिवस घेतले आणि मालेगावहून भावाच्या शाळेतून फोन करून हो म्हणाली. त्या भावानंच वडिलांना समजावलंय. दिवाळीपर्यंत मुदत मिळाली.

नवा मसुदा सोबत आहे. बदल करायचा तर भाषेत कर, नावांत नको.

विमल


नाशिकरोड,
२५ नोव्हेंबर १९८४

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम.

दुरुस्ती छापलेला अंक आला. दोन पानं. सी. बोरसे, एस. के. पगारे, व्ही. के. पगारे. लेखकांच्या ओळीत माझं नाव मी पहिल्यांदा पाहिलं आणि ते कशासाठी आहे हे कळत असूनही अंक दोनदा उघडून बघितला.

तुझी कायम जागा दुसऱ्याला गेली हे तू तीन ओळींत लिहिलंस, आणि वर्षाचं काम मिळालं हे एका ओळीत. त्यावर मी काय लिहू? मला वाईट वाटतं. एवढंच खरं आहे, त्याला कशाची जोड देत नाही.

चंद्रभागाचा नवा मार्गदर्शक मंजूर झाला. सांध्यावरच्या विजेवरच प्रबंध लिहितेय, मार्चमध्ये देईल. तिनं घरी अंक दाखवला तर वडील म्हणाले, "चूक दुसऱ्याची आन् नाव तुझं का?" हे तिनंच पत्रात लिहिलंय. मी तिला जेवायला बोलावलं होतं. ती आली नाही. "राग गेला की येईन," असं लिहिते. कधी जाईल ते लिहीत नाही. मी विचारणारही नाही.

आज सकाळी विहारात सांगितलं. वंदना झाल्यावर, सगळे बसलेले असताना. आईला काल संध्याकाळी सांगितलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "ह्याच्यात कोणाचं वाटोळं झालं का?" मी म्हणाले, एका पोरीची तीन वर्षं. ती उठून आत गेली.

विहारात मी पाच मिनिटांत संपवलं. जयंतीला सांगितलं ते चुकीचं होतं, मला तेव्हाही माहीत होतं, चूक माझ्या हातून झाली आणि मी लपवली, दादानंही लपवली, आता छापून कबूल केलंय.  

गोरक्ष उठला. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"ताई, छापलं ते छापलं. इथं कशाला सांगितलं? इंग्रजीत होतं, कोण वाचणार होतं? उद्या सातपूरला कंपनीत मुलाखतीला आपली पोरं बसली की हेच काढतील. एवढी मोठी भिंत रंगवली मी त्या फोटोसाठी!"

"गोरक्ष, फोटो काढायचा म्हणत असशील तर मी—"

"फोटोचं नाही ताई!" तो ओरडला. "मी पोरांना रोज सांगतो, बघा, आपल्यातला माणूस कुठं गेला. आता काय सांगू?"

  त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येत नव्हतं.

तेवढ्यात आई उठली. गुडघ्यांवर हात देऊन, हळूहळू. तिला सभेत बोलताना मी कधी पाहिलेलं नाही, आप्पांच्या शोकसभेतसुद्धा ती बोलली नव्हती.

"गोरक्ष, हे सांग पोरास्नी," ती म्हणाली. "सहादूचं चुकलं. विमलचं चुकलं. त्यांला कोणी पकडलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच सांगितलं. माझ्या घरातलं माझ्याच लेकरांनी सांगितलं, दुसरा कोणी दारात येऊन सांगून गेला नाय. हे सांगता येत नसंल तर फोटो काढ."

आणि खाली बसली.

 गोरक्ष बाहेर निघून गेला. फोटो भिंतीवर आहे. उद्या असेल की नाही, मला ठाऊक नाही.

घरी येताना आई माझा हात धरून चालत होती. रस्त्यात लोक होते, काही बोलले, काहींनी मान वळवली. घरी येऊन ती पाणी प्यायली आणि मला म्हणाली, आता ते वाच, सहादू का आला नव्हता ते. तिला कसं कळलं की तसं काही लिहिलेलं आहे, कोण जाणे. मी तुझ्या नऊ पानांतलं ते पान वाचून दाखवलं. विमानतळापर्यंत जाऊन फिरलास ते, आणि का फिरलास ते. तिनं मला पुन्हा वाचायला लावलं. मग डोळे पुसले.

मी विचारलं, "दादाला काय लिहू?"

"लिही, आता ये म्हणावं," ती म्हणाली. "आता कोणी हात जोडायचं नाय."

तुझी,
विमल